मापांच्या वहीतलं झाड

१२ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

काल आपला बटणवाला आला होता. तोच, जो दर तीन महिन्यांनी पेटी घेऊन येतो आणि दोन डझन बटणं विकायला पाऊण तास बसतो. म्हणाला, तुमचा भाऊ भेटला. एका मोठ्या नर्सरीत कामाला आहे, गुडघे मातीत टेकून कलमं बांधत होता. पत्ताही लिहून आणला होता त्याने. नऊ वर्षांत तुझी ही पहिली खबर. मी हातातलं कापड बाजूला ठेवलं आणि विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का? तर तो डोकं खाजवत म्हणाला, "नाही बुवा. संत्र्याला फळ आलं का, एवढंच विचारलं."

बहीण जिवंत आहे का, हे नाही. बाबा कसे आहेत, हे नाही. तुला पडलीय ती संत्र्याची.

तर ऐक, आलं फळ. तू जायच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात हातभर रोप लावलंस आणि पहाटे माझ्या मशीनवर चिठ्ठी ठेवून गेलास, की ताई, याला रोज पाणी घाल. तीन वर्षांत गोड संत्री खाल, असं तू बाबांना आधीच सांगून ठेवलं होतंस. तीन गेली, पाच गेली, बाबा गेले. मी पाणी घालत राहिले. या थंडीत पहिल्यांदा सात फळं धरली. पिवळी होईपर्यंत मी त्यांना बोटसुद्धा लावलं नाही. मग काल, बटणवाला गेल्यावर, शेजारच्या काकूंना बोलावलं, चांगली बशी काढली आणि एक सोललं. साल जाड, खरबरीत. काकूंनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "भांडी घासायला छान होईल."

मीही खाल्लं. आंबट तर आंबट, वर कडू. नऊ वर्षं, धाकट्या. रोज एक बादली. एका कोटावरून मी तुला चार शब्द बोलले, त्याचा असा सूड उगवायचा? रानटी झाड लावून गेलास आणि वर चौकशी करतोस की फळ आलं का. चोराच्या उलट्या बोंबा.

राग उतरलेला नाही. आशीर्वाद नाही.

ताई


३० जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, कारण परत आलेलं नाही. मूग गिळून बसायची तुझी सवय गेलेली दिसत नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, मला बाग करायची नव्हती. मी शिंपीण. मला टेबल पुसलेलं लागतं, कापड इस्त्रीचं लागतं आणि नखात माती गेली की सुई धरवत नाही. बाग हा तुझा नाद. पण एका रोपाला बादलीभर पाणी जास्त होतं, म्हणून उरलेलं मी भिंतीकडेला ओतायचे. तिथे कसलंसं हिरवं उगवलं. काकूंनी पाहिलं आणि पुदिन्याच्या चार काड्या आणून खोचल्या. पुदिना हा पाहुणा असा, की एकदा आत आला की जायचं नाव घेत नाही. मग तो आवरायला विटा लावल्या. विटा लावल्या तर आत काहीतरी हवं म्हणून मोगरा लावला. मोगरा दोन वर्षं नुसता बसून राहिला. मी रोज त्याला उपटून टाकायची धमकी द्यायचे. तिसऱ्या वर्षी एका सकाळी दार उघडलं तर घरभर वास. मी धमक्या देणं तेव्हापासून कमी केलंय, पण पूर्ण सोडलेलं नाही.

आता तिथे डाळिंब आहे, गुलाबाचे चार वाफे आहेत, वेलावर घेवडा आहे. प्रत्येक वाफ्यात काठीवर दोऱ्याचं रिकामं रीळ खोचून त्यावर नाव लिहिलंय. गोगलगायी रोज रात्री पानांना काज पाडून जातात, तेही वेडेवाकडे. माझे गुडघे गेले. परवा एकीच्या ब्लाऊजवर माझ्या बोटाचा मातीचा ठसा उमटला, तो धुऊन वाळवून द्यावा लागला. आणि एवढं करून मशीन मी पुढच्या खोलीतून मागच्या खिडकीपाशी नेलंय. गिऱ्हाइकांना घर ओलांडून मागे यावं लागतं, कुरकुर करतात. करू देत. इथे उजेड चांगला आहे.

बाबांचं शेवटचं वर्षही याच दारात गेलं. त्यांचा उजवा हात राहिला होता, कात्री धरवत नव्हती. मी खुर्ची दारात मांडायचे आणि मांडीवर शेंगा द्यायचे. डाव्या हाताने बिया काढत बसायचे, एका शेंगेला दहा मिनिटं. ज्या माणसाने जन्मभर "आटपा, आटपा" शिवाय दुसरा शब्द काढला नाही, तो एका शेंगेला दहा मिनिटं घ्यायचा आणि खूश असायचा. कळवायला मला तुझा पत्ता ठाऊक नव्हता. हे तुला नीट कळावं म्हणून लिहिते. मी लपवलं नाही.

आता तो कोट. माझी चूक मी कबूल करते, पण आधी तुझी. एवढ्या भारी कापडाचा कोट आणि तू दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्यास. कापड पालटायचं असतं, हे पाच वर्षांचं पोरही सांगेल. तुझं लक्ष खिडकीतल्या कुंड्यांकडे. मी तो कोट दुकानभर गिऱ्हाइकांसमोर उंच धरला आणि म्हणाले, "दोन डाव्या हातांचा माणूस शोधून आण, त्यालाच विकू." सगळे हसले, बाबासुद्धा. तू हसला नाहीस. चौथ्या दिवशी तू नव्हतास. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड, मान्य. कोट अजून आहे. घेवड्याच्या वाफ्यात बुजगावण्याच्या अंगावर घातलाय. पाखरं त्याच्या खांद्यावर बसून खातात.

एक गंमत सांगते. संत्र्याचं पान मी मापांच्या वहीत काढलंय, गिऱ्हाइकाचं काढतात तसं. नाव: धाकट्या. दर वर्षी तू गेलास त्याच महिन्यात माप घेते. पहिल्या वर्षी, तू गेल्या गेल्या, लिहिलंय, उंची बावीस इंच, डावा खांदा उतरता. दुसऱ्या वर्षी, उंची चाळीस, खांदा सरळ. चौथ्या वर्षी टेप संपली. मग स्टुलावर चढून दोनदा लावायला लागले. घेर आता माझ्या मनगटाच्या दुप्पट आहे. एवढी मापं घेऊन शिवलं काय, तर कडू फळ.

लिही काहीतरी. शिवी दे, पण लिही.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

काल एक नर्सरीवाला आला होता. तुझ्यासारखाच, नखं काळी. त्याला मोठ्या खिशांचा ॲप्रन हवा होता, कात्र्या-सुतळ्या ठेवायला. माप घेताना त्याची नजर खिडकीबाहेर. मी म्हटलं, सरळ उभे राहा, तर म्हणाला, "बाई, हे झाड कुणी वाढवलं?"

मला वाटलं कौतुक करतोय. मी नऊ वर्षांचा पाढा वाचला. तो बाहेर गेला, पान चुरगाळून हुंगलं, काट्यावर बोट फिरवलं, मग खाली बसून बुंध्याची माती हाताने बाजूला केली. म्हणाला, हे संत्रं नव्हेच. संत्र्याचं कलम ज्या रानटी रोपावर बांधतात त्याला खुंट म्हणतात, हे तुला काय सांगायचं. मला काल कळलं. खुंट ताकदीचा असतो म्हणून खाली तो आणि गोड म्हणून वर संत्रं. खुंट आपली फूट काढत राहतो. ती दिसली की खुडायची असते, नाहीतर ती जोर करते आणि कलम मरतं. त्याने मला बुंध्यावर एक जुना व्रण दाखवला. नखाएवढा, साल चढून बुजत आलेला. म्हणाला, "कलम इथे होतं. मेलं नाही हो. कापलंय कुणीतरी. काप बघा किती सफाईचा आहे."

म्हणजे तू गोडच झाड लावलं होतंस. पहिल्या पत्रात मी सूड वगैरे लिहिलं ते खोडून टाक.

आता कुणी कापलं, याचा मी विचार केला. बाबांनी कापलं असणार. ते तेव्हा हिंडतेफिरते होते आणि त्यांना रिकामी कात्री हातात घेऊन फिरायची सवय होती. त्यांना काय कळणार, कुठली फूट ठेवायची आणि कुठली नाही. आता गेलेल्या माणसाला काय बोलायचं.

नर्सरीवाला म्हणाला, मुळं नऊ वर्षांची आहेत, भक्कम आहेत, वाया काहीच गेलेलं नाही. गोड झाडाच्या डहाळ्या मिळाल्या तर त्यांचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, यावर पुन्हा बसवता येतील. मी म्हटलं, तुमच्याकडे संत्रं आहे? म्हणाला, आहे, उद्या आणतो. मी नको म्हटलं. का म्हटलं ते मलाच कळत नाही. ज्या झाडाची डहाळी तू बांधली होतीस, ते झाड अजून कुठे असेल तर कळव.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

परवाचं पत्र टपालात टाकून आले आणि जेवण गेलं नाही.

बाबांनी नाही कापलं. मी कापलं.

तू जाऊन आठ महिने झाले होते. तुझं एक पत्र नाही. रोज टपालवाला समोरून जायचा, वळून बघायचासुद्धा नाही. त्या दिवशी मी रोपाला पाणी घालायला गेले, तर मधोमध एक फूट सरळ वर आलेली, टवटवीत, आणि तू बांधलेली डहाळी बाजूला मान टाकून, चार पानांनिशी. वाकडी. मला वाकडं बघवत नाही, हे तुला माहीत आहे. गळ्यात टेप आणि हातात कात्री, ती असतेच. मी सरळ फूट ठेवली आणि वाकडी डहाळी एका घावात उतरवली. मापांच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे, दुसरं वर्ष, खांदा सरळ. झाडाचा खांदा आपोआप सरळ होत नाही.

एवढ्यावर थांबले तर पुन्हा अर्धंच खरं होईल. मला कळत नव्हतं म्हणून झालं, असं तुला वाटेल. तुझ्या चिठ्ठीत दोन ओळी होत्या. एक मी तुला पहिल्या पत्रात सांगितली. दुसरी होती, "कात्री लावू नकोस."

मला ती ओळ पाठ होती. म्हणूनच लावली. ज्याला बाही कापता येत नाही तो मला कात्री कशी वापरायची ते शिकवणार, असं मनात आलं. आलं काय, मोठ्याने म्हणाले. अंगणात कुणी नव्हतं.

नंतर आठ वर्षं मी त्या झाडाला पाणी घातलं, खत घातलं, बुंध्याला उन्हाचा चटका बसू नये म्हणून जुनी अस्तरं गुंडाळली. काकू म्हणायच्या, किती जीव लावतेस. मला वाटायचं, हे फळाला आलं की मी तुझ्याशी बरोबरी करीन. तू लावलंस, पण वाढवलं मी. प्रत्यक्षात तुझं होतं ते मी पहिल्याच वर्षी कापून टाकलं होतं आणि उरलेल्याची मापं घेत बसले होते.

बाबांवर ढकललं, त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. शेवटच्या महिन्यात ते त्या झाडाकडे बघून एकदा म्हणाले होते, "त्याला सांग, मी हसायला नको होतं." तेही मी तुला सांगितलं नव्हतं. माझ्या वाट्याला असं काही बोलले नाहीत, म्हणून.

ताई


२५ मार्च

धाकट्या,

पुडकं मिळालं.

नऊ वर्षं आणि चार पत्रं, आणि तुझी ओळ एक. माणसाने निदान "कशी आहेस" तरी लिहावं. त्याला काही जास्तीचं टपाल लागत नाही. किती चिडले ते काकूंना विचार, त्यांनी घरी जाऊन दार लावून घेतलं.

पण पुडकं मी कात्रीने उघडलं नाही. तू ते कापडात शिवून पाठवलं होतंस. शिवण तुझीच, एक टाका लांब, एक आखूड, आणि कोपऱ्यावर सुई हरवल्यासारखी गाठ. एक एक टाका सुईच्या टोकाने उसवत बसले, पाऊण तास लागला. आत ओलं फडकं, फडक्यात सहा डहाळ्या आणि चिठ्ठी. "ताई, त्याच झाडाच्या आहेत. या वेळी कात्री लावावी लागेल, डोळा धरल्यावर."

अक्षर होतं तसंच आहे, भिजलेल्या मुंगीचं.

नर्सरीवाल्याला त्याच दिवशी बोलावलं. त्याने बोटाएवढ्या जाडीच्या चार कोवळ्या फांद्या निवडल्या. सालीत छेद दिला, अगदी काज करतात तसा. तुझ्या डहाळीवरून सालीसकट एक डोळा काढला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आणि बटण काजात जावं तसा आत सरकवून वर पट्टी आवळली. असे चार ठिकाणी चार. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि डोक्यात एकच, की माझ्या भावाला जन्मात एक काज धड जमला नाही आणि हे काम तो दिवसातून शंभर वेळा करतो. मला हे तेव्हाच दिसायला हवं होतं. तुझ्या हातात खोट नव्हती. आम्ही त्या हातात भलतंच काम दिलं होतं.

तो म्हणाला, तीन आठवडे हात लावायचा नाही. मी तीन आठवडे काय करू? मला वाट बघता येत नाही. नऊ वर्षं बघितली असं तू म्हणशील, पण तेव्हा वाट बघतेय हे मला माहीत नव्हतं.

ताई


१७ एप्रिल

धाकट्या,

आज पट्ट्या सोडल्या. पहिला डोळा काळा पडलाय. दुसरा बोट लागताच गळून पडला. तिसरा वाळलेला. मी नर्सरीवाल्यावर ओरडले, की तुमचं काम कच्चं, तुमच्या पट्ट्या सैल. त्याने चौथी पट्टी सोडली.

हिरवा आहे.

मुगाएवढा आहे, पण हिरवा आहे आणि टोकाला फुगलाय. मी वही काढली. त्याच पानावर, खाली, लिहिलं: उंची एक सूत. खांद्याचं काही लिहिलं नाही. तो जसा वाढेल तसा वाढू दे.

तर आता प्रश्न असा आहे. तू लिहिलंस तेच नर्सरीवाल्यानेही सांगितलं. डोळा धरलाय, आता त्याच्या वरची फांदी कापावी लागेल, म्हणजे मुळांचा सगळा जोर त्या डोळ्याला मिळेल. महिनाअखेरपर्यंत कापली नाही तर डोळा झोपून जाईल आणि पुढच्या वर्षी उठेलच असं नाही. तो म्हणाला, मी कापून देतो. मी त्याला ॲप्रन देऊन वाटेला लावलं.

दुपारभर कात्री घेऊन झाडाखाली उभी होते. चाळीस वर्षं कापड कापतेय. रेशीम कापलंय, लोकर कापलीय, लोकांनी आयुष्यात एकदाच घेतलेलं कापड कापलंय. इथे बोटभर फांदी कापवेना. डोळ्याच्या किती वर, सरळ की तिरकं, काही सुचेना. खरं सांगायचं तर नर्सरीवाल्याने सुचवलं होतं, जागाही दाखवली होती. पण मागच्या वेळीही मला सगळं कळतं असंच वाटलं होतं.

शेवटी कात्री म्यानात घालून आत आले. रागाने चहासुद्धा केला नाही. राग तुझा नाही, या वेळी माझा.

तुझी नोकरी आहे, सुट्टी मिळत नसेल, प्रवास लांबचा आहे. हे सगळं मीच लिहून टाकते, म्हणजे तुला लिहायला काही उरणार नाही. मागचं दार उघडं असतं. पुढून आलास तर घर ओलांडून यावं लागेल, मी मागेच बसते. बुजगावण्याला दचकू नकोस, कोट ओळखीचा आहे. मोगरा आलाय. तुला राहायचं नसेल तर राहू नकोस, तासभर थांब.

कात्रीला धार लावून ठेवली आहे. महिना संपायला तेरा दिवस आहेत. ये आणि कुठून ते बोट ठेवून दाखव, कापीन मी.

आशीर्वाद.

ताई